चांदाच्या तारखेत एक मिळव

राजिवडा, रत्नागिरी
४ ऑक्टोबर २००३

रेहानभाय, सलाम.

फोनवर हे सगळं दोन मिनिटांत झालं असतं. पण आपला फोन अब्बांच्या खुर्चीच्या बाजूला, आणि तुझा आवाज ऐकला की अब्बा "रहिमा, तुझा फोन" म्हणत रिसीव्हर बहिणीच्या, म्हणजे आपल्या फुफूच्या, हातात कोंबतात आणि ओटीवर जाऊन बसतात. तिथून कान इकडेच असतो, ते वेगळं. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही, आळस करू नको.

पहिली खबर: माझी तारीख ठरली. १४ डिसेंबर, रविवार, म्हणजे ईद झाल्यावर. उमेरला कतारहून दीड महिन्याची सुट्टी मिळतेय. त्याच्या मामांची लाँच आहे, तेव्हा वरात जयगडहून पाण्यानेच येणार आणि आपल्या धक्क्याला लागणार. खाडीच्या तोंडाशी किती गाळ साचलाय ते तुला माहीत आहे, भरतीशिवाय लाँच आत येत नाही. त्यामुळे लग्नाची वेळ काझीसाहेबांनी नाही, अब्बांनी ठरवली. दुपारनंतरच्या भरतीला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून होडीवर पाय ठेवला नाही, पण तांडेलकी काही अंगातून जात नाही. जयगडवाल्यांना असा काही हुकूम सोडला की उमेरचे मामा नुसते "जी, जी" करत राहिले.

आता खरी गोष्ट. निकाहच्या वेळी मुलीला "कबूल आहे का" विचारायला वकील म्हणून घरातला माणूस आत येतो. मला तो माणूस तू हवास. दुसरं कुणी आलं तर मी तोंड उघडणार नाही, मग बसा सगळे बिर्याणी थंड करत. हे मी अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला यायचं तर येईल. दार काय बंद नाय. पण मी बोलावणार नाय."

जहाजाची ठरलेली नोकरी सोडून तू कम्प्युटरवर चित्रं काढायला पळालास, अब्बांचा शब्द चारचौघांत पडला, सगळं मान्य. पण तीन वर्षं? तुम्ही दोघं एकाच लाकडाचे आहात, आणि मधे माझी भाजी होतेय.

दुसरी खबर मजेची आहे. आपल्या हिरोचा नवा सिनेमा येतोय! तोच, ज्याचं पोस्टर तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस आणि फुफूने भूत समजून किंचाळी फोडली होती. पण सिनेमाचं नावच सांगत नाहीत मेले. नुसती एक वेबसाइट काढलीय. माझी कॉलेजातली मैत्रीण तेजस्वी, हातखंब्याची, तिने मला माळनाक्यावरच्या सायबर कॅफेत नेऊन दाखवली. सगळं पान काळं. त्यावर चितारलेला एक धक्का, थोडं पाणी, आणि खांबाला टांगलेला विझलेला कंदील. खाली लिहिलंय, "दिवा लागेल तेव्हा या." दिवसातून कधीतरी तो कंदील आपोआप पेटतो आणि थोडा वेळ जळतो. तेवढ्यात त्याच्यावर क्लिक केलं तर सिनेमातला एखादा तुकडा दिसतो, एखादा आवाज ऐकू येतो. मग परत अंधार. रोजची वेळ वेगळी! दिवा कधी आणि का लागतो हे जो पहिल्यांदा सांगेल त्याला ट्रेलर सगळ्यांच्या आधी बघायला मिळणार आणि त्याचं नाव साइटवर लागणार.

ते नाव माझं असणार आहे. तू मुंबईत असतोस, जाहिरातीच्या कंपनीत असतोस, तुला काही कळलं तर सांग.

तुझी बहीण,
महरीन


माझगाव, मुंबई
११ ऑक्टोबर २००३

महरू,

पत्र ऑफिसात नेऊन वाचलं आणि तारीख वाचल्यावर डबा तसाच राहिला. माशाच्या रिकाम्या टोपलीत बसून "मला पण होडीवर न्या" म्हणून रडणारी तू, आणि आता तुला न्यायला लाँच येणार! उमेरला माझा सलाम सांग आणि सांग की ह्या मुलीशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही, तेव्हा त्याने सुरुवातच करू नये.

वकिलाचं वाचलं. तेवढा परिच्छेद चार वेळा वाचला. महरू, मला यायचं नाही असं समजू नकोस. पण तूच विचार कर. तीन वर्षं प्रत्येक ईदला फोन केला, प्रत्येक वेळी रिसीव्हर फुफूकडे गेला. आता मी पाहुण्यासारखा बॅग घेऊन दारात उभा राहू, सगळी जमात बघतेय, आणि अब्बा मान फिरवून ओटीवर जाऊन बसले तर? तुझ्या लग्नात तो तमाशा मला नको. त्यांनी एकदा "ये" म्हणू दे. फोनवर नको, चिठ्ठीत नको, तुझ्यापाशी म्हटलं तरी चालेल. एक शब्द. मी मिळेल त्या गाडीने निघेन.

घरातल्या मंडळींचे गुडघे कसे आहेत? थंडी पडायच्या आधी तेलाचं बघ.

तुझ्या वेबसाइटबद्दल मला काही ठाऊक नाही. आम्ही साबण आणि चहा रंगवणारी माणसं, सिनेमावाले आम्हाला कशाला विचारतील? पण ऐकायला मजेचं वाटतंय. लोक काय म्हणतायत? चित्र आवडलं का? पाणी कसं वाटतं, पाण्यासारखं वाटतं की निळ्या रंगासारखं? आणि तू कोड्याचं काय केलंस, कुठवर आलीस, सविस्तर लिही.

दुआगो,
रेहान


राजिवडा, रत्नागिरी
२० ऑक्टोबर २००३

रेहानभाय, सलाम.

वा रे वा! स्वतः म्हणे काही ठाऊक नाही, आणि मला मात्र सतराशे प्रश्न. चित्र कसं, पाणी कसं, लोक काय म्हणतात! मी काय तुला आज ओळखते? आंब्याच्या कोया मी रुजवायच्या आणि "माझं कलम" म्हणून पाहुण्यांना तू दाखवायचास. माझ्याकडून सगळं काढून घेणार आणि उद्या साइटवर तुझंच नाव लावणार. तरीपण सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पाणी पाण्यासारखंच आहे. तेजस्वी म्हणाली, "हे कुणी पुस्तकात बघून काढलेलं नाही गो." मला पण तसंच वाटलं.

दिवा कधी लागतो त्या वेळा मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवते. आम्ही दोघी आळीपाळीने कॅफेत जाऊन बसतो. फुफूला सांगितलंय की शिंप्याकडे चाललेय. काल फुफू म्हणाली, "एवढा शिंपी झाला, कपडे कुठे आहेत?" मी म्हटलं, भरतकाम चाललंय.

साइटवर एक बोर्ड आहे, तिथे सगळे आपापली अक्कल लिहितात. पुण्यातली इंजिनीयरिंगची पोरं जास्त. एक म्हणतो, हिरोच्या जुन्या सिनेमांच्या तारखा जोडा. एक म्हणतो, गाड्यांचं वेळापत्रक आहे. एकाने तर कंदिलाच्या ज्योतीचे रंग मोजलेत. पुण्याचाच एकजण म्हणाला की धक्का आहे, पाणी आहे, तर भरतीच्या वेळा असतील. मला वाटलं, अरे, हे आपल्याला कसं सुचलं नाही! राजिवड्यात राहून! पण त्याने बंदराचं छापील कोष्टक आणून ताडून बघितलं आणि ते जुळलं नाही. कधी अर्ध्या तासाने चुकतं, कधी तासाने. सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. बिचारा आता ज्योतीचे रंग मोजतोय.

गुडघ्याला तेल लावते, पण गुडघेवाले म्हणतात, "काय गरज नाय." एक सांगू? रोज रात्री बातम्यांच्या शेवटी हवामान लागतं ना, तेव्हा घरात कुणी बोललेलं चालत नाही. रत्नागिरीचं सांगतात तेव्हा अब्बा पान लावत असतात. मुंबईचं लागलं की हात थांबतो. मग म्हणतात, "ह्यांना काय कळतं हवामानातलं," आणि उठून जातात.

"ये" मात्र अजून म्हणाले नाहीत. मी रोज विषय काढते आणि ते रोज फाटकं जाळं भरायला घेतात. एवढी जाळी भरून झालीत की मोहल्ल्यातले लोक आणून द्यायला लागलेत.

तुझी,
महरीन


माझगाव, मुंबई
३० ऑक्टोबर २००३

महरू,

रमझान मुबारक. इथे आम्ही खोलीतली चौघं मिळून सहरीला उठतो आणि चौघंही एकमेकांच्या हातचं खाऊन पस्तावतो. फुफूच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण आठवलं की रोजा जास्त लागतो. तिला सांगू नकोस, डबा पाठवेल आणि पोस्टमन बेशुद्ध पडेल.

हवामानाचं वाचलं. बाकी काही लिहीत नाही त्याबद्दल.

मला एक सांग. त्या पुण्याच्या मुलाला कोष्टक जुळलं नाही, हे नक्की? कुठल्या बंदराचं घेतलं होतं त्याने? नीट ताडून बघितलं का? असं कसं होईल? म्हणजे, मला काय करायचंय, पण धक्का आणि पाणी काढलंय म्हटल्यावर कुणालाही भरतीच वाटणार. आणि तो कंदील, डाव्या बाजूला तडकलेल्या काचेचा, तो काय गाड्यांच्या वेळापत्रकासाठी टांगलाय? लोक पण काय काय शोधून काढतात.

तू तुझ्या वेळा लिहीत राहा. आणि तुझ्या कोया मी चोरल्या नव्हत्या, पाणी मीच घालायचो.

दुआगो,
रेहान


राजिवडा, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २००३

रेहान,

ह्या पत्रात भाय नाही आणि सलामही नाही. शेवटपर्यंत वाच म्हणजे कळेल का.

परवा इफ्तार झाल्यावर अब्बा सिलिंडर कधी लावलाय ते बघायला स्वयंपाकघरात आले. कॅलेंडरसमोर उभे राहिले ते राहिलेच. मी भांडी घासत होते. मागून आवाज आला, "भरतीच्या वेळा कशाला लिहून ठेवल्यास?"

मी म्हटलं, "भरतीच्या नाहीत अब्बा. एका कंदिलाच्या आहेत."

"कसला कंदील? रोज पाऊण तास पुढे सरकतंय. भरती नाय तर काय? पण कुठल्या शहाण्याने काढलान? सगळ्या लवकरच्या. ह्या वेळेला होडी नेशील तर चिखलात बसेल."

माझ्या हातातलं पातेलं खालीच पडलं. मी त्यांना सगळं सांगितलं. साइट, दिवा, पुण्याची पोरं, सगळं. शिंप्याचंही सांगून टाकलं, फुफू दारातच उभी होती. अब्बांनी फुफूकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मला हिशोब शिकवला, जो त्यांना त्यांच्या बाबांनी शिकवला होता. चांदाची तारीख घ्यायची. तिच्यात एक मिळवायचा, कारण चांद आपल्याला दिसतो तोवर त्याचा एक दिवस होऊन गेलेला असतो. मग त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. पंधरवडा उलटला की पंधरा वजा करून पुन्हा तेच. कोष्टक नको, घड्याळ नको.

अब्बा हे बोटांवर मोजून दाखवत होते. कॅलेंडरवरची एक वेळ त्यांनी मोजली, मग दुसरी, मग तिसरी. आणि बोटं मधेच थांबली.

"ह्याने एक मिळवलान नाय," ते म्हणाले.

मग अगदी हळू म्हणाले, "रेहान विसरायचा."

रेहान. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. फुफू तिथेच पाटावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. अब्बांनी मला विचारलं, "हे कोणी केलान?" मी म्हटलं, मुंबईच्या कुठल्यातरी कंपनीने. ते पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाले, "चल, दाखव." टोपी घालून, काठी घेऊन, रोजा धरून, रिक्षाने माळनाक्याला. कॅफेच्या दारात अब्बांनी चपला काढल्या! कॅफेवाला म्हणाला, "चाचा, राहू द्या, इथे चालतात." पण ते अनवाणीच आत गेले आणि खुर्चीत ताठ बसले. तेजस्वीने पान उघडून दिलं. आम्ही वेळेच्या जरा आधीच पोचलो होतो, तर विझलेल्या कंदिलाकडे बघत बसलो.

मग तो पेटला. अब्बा इतके पुढे वाकले की टोपी स्क्रीनला लागली. कंदिलाची काच डाव्या बाजूला तडकलेली, आणि वर तार गुंडाळलेली. मला इतके दिवस ती नुसती नक्षी वाटत होती. अब्बा म्हणाले, "ही तार मी बांधली होती."

आपल्या होडीवरचा कंदील, रेहान! तू पाडला होतास तो! आणि मी रोज जाऊन बसत होते त्याच्यासमोर, मला ओळखता आला नाही. मूर्ख कुठली. रात्री तुझं मागचं पत्र काढून बघितलं, तर त्यात तू काच तडकल्याचं लिहिलंयस. मी ते तुला कधी कळवलंच नव्हतं.

खरं सांग. तूच काढलंस ना सगळं? धक्का, पाणी, दिवा, आणि तो चुकलेला हिशोब? मला बनवत होतास ना इतके दिवस? मी इथे शिंप्याच्या थापा मारून कॅफेत बसायची आणि तू तिकडे हसायचास?

बोर्डावर मी काही लिहिलेलं नाही. तुझी चूक जगाला सांगून नाव मिळवायला मी काही एवढी ही नाही.

घरी येताना अब्बा रिक्षातून बाहेरच बघत होते. मी वाट बघितली. "ये" म्हणाले नाहीत. आल्यावर माळ्यावर चढायला निघाले होते, ह्या गुडघ्यांनी. फुफूने हात धरून खाली बसवलं. कंदील शोधायचा होता.

महरीन


माझगाव, मुंबई
१७ नोव्हेंबर २००३

महरू, माझी आई,

हो. मीच.

हसलो नाही, खरंच. कंपनीने सही घेतली होती की घरच्यांनाही सांगायचं नाही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तू पहिल्या पत्रात लिहिलंस की तुला हे आवडतंय, आणि मला वाटलं, हिला माहीत नाही मी काढलंय, तर ही खरं तेच सांगेल. तुझ्या पत्रांतली ती वाक्यं मी पाकिटात घालून फिरतो. तेजस्वीचंही ते वाक्य, पुस्तकात बघून काढलेलं नाही म्हणाली ते.

आमच्या बाईंना, म्हणजे माझ्या साहेबांना, असा दिवा हवा होता की जो कधी लागेल ते कुणाला कळू नये, पण कळलं की वाटावं, अरे, हे तर समोरच होतं. सगळे डोकं खाजवत होते. मी म्हटलं, माझ्याकडे एक हिशोब आहे. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे असं वळून बघितलं. तेव्हा मला हे माझं ज्ञान आहे असं वाटलंच नाही. वाटलं, अब्बा खोलीत आले आणि बसले.

आणि तो हिशोबच चुकीचा निघाला!

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी ऑफिस सुटायच्या आधीच पळालो, भाऊच्या धक्क्यावर गेलो. माझ्या हिशोबाने भरती पूर्ण झाली होती. पाणी पायऱ्या चढतच होतं. थांबलो. अजून चढतच होतं. एक मावशी मासळीची पाटी उतरवत होती, ती म्हणाली, "काय रे, काही पडलं का पाण्यात?" मी म्हटलं, "एक पडला मावशी, एक." ती लांबच जाऊन बसली. मी एकटाच हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तिचं काही चुकलं नाही.

एक गोष्ट आता कळली. लहानपणी अब्बांबरोबर धक्क्यावर गेलो की होडी नेहमी चिखलात बसलेली असायची आणि आम्हाला पाण्याची वाट बघावी लागायची. वेळ काढायचं काम माझ्याकडे असायचं, "सांग रे, किती वाजता निघायचं?" मी सांगायचो तेव्हा ते निघायचे. मला वाटायचं, अब्बांना लवकर जायची सवयच आहे.

बाईंना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं नोकरी गेली. त्या म्हणाल्या, चूक तशीच राहू दे, म्हणूनच इतके दिवस टिकलं. आता त्या पानावर एक इशारा टाकणार आहेत आणि २२ तारखेला ट्रेलर सगळ्यांसाठी उघडणार. घरच्यांना बक्षीस देता येत नाही असा नियम आहे, तेव्हा तुझं नाव लागणार नाही. मला माफ कर. तुझ्या कोया खरंच मी चोरायचो.

महरू, अब्बा आणखी काही बोलले का? काहीही? माळ्यावर कंदील सापडला का? मी रोज ठरवतो की न बोलावता जाऊन उभं राहायचं, आणि रोज गाडीच्या तिकिटाच्या रांगेपर्यंत जाऊन परत येतो. त्यांचा तो एक शब्द मला हवाय गो. बाकी काही नको.

तुझा,
रेहान


राजिवडा, रत्नागिरी
२४ नोव्हेंबर २००३

रेहानभाय, सलाम. (भाय परत दिला. कोयांबद्दल कबुली दिलीस म्हणून.)

उत्तर कोणी दिलं माहीत आहे? त्याच पुण्याच्या मुलाने! इशारा आला आणि तासाभरात त्याने लिहिलं की ही भरतीच आहे, पण वेळ काढणारा एक दिवस विसरलाय. सगळ्या बोर्डाने त्याची माफी मागितली. मला आधी राग आला, मग बरं वाटलं. बिचाऱ्याने ज्योतीचे रंग किती दिवस मोजले असतील.

२२ तारखेला आम्ही सगळे कॅफेत. मी, तेजस्वी, फुफू आणि अब्बा. फुफू बुरख्यात, हातात इफ्तारचा डबा, कारण ट्रेलर बघता बघता मगरिब होईल ह्याची तिला खात्री होती. झालीच. कॅफेतलं इंटरनेट म्हणजे तुला माहीत आहे, दोन सेकंद चित्र आणि मग गोल गोल फिरणं. तेजस्वी वैतागून टेबलावर डोकं ठेवून बसली. अब्बा मात्र शांत. म्हणाले, "येईल. घाई करू नको." आणि खरंच, पाण्याची वाट बघत बसावं तसे बसून राहिले. मधे आम्ही खजूर खाऊन रोजा सोडला, कॅफेवाल्यालाही दिला.

सिनेमाचं नाव "दिवादांडी नंबर नऊ." एवढा जीव खाल्लात आणि हे नाव? आपला हिरो म्हातारा दिसायला लागलाय रे. पण शेवटी तो कंदील पेटतो आणि पाणी धक्क्याच्या पायरीवर चढतं, तिथे फुफू "या अल्लाह" म्हणाली. तिला वाटलं पाणी आता टेबलावर येणार. अब्बांनी तेवढाच भाग परत लावायला सांगितला. तेजस्वीने चार वेळा लावला.

माळ्यावरचा कंदील सापडला. काच तशीच, तार तशीच. अब्बांनी राख लावून घासला आणि ओटीवर टांगलाय. कुणी हात लावलेला चालत नाही.

आणि आता ऐक. काल अब्बांनी माझ्याकडे अंतर्देशीय पत्र मागितलं. मी म्हटलं, "मी लिहिते, तुम्ही सांगा." तर म्हणाले, "माझा हात काय मोडलाय?" दुपारभर ओटीवर बसून लिहीत होते. मी तीनदा पाणी घेऊन गेले, तीनदा त्यांनी पत्र उलटं केलं. मग स्वतः काठी घेऊन नाक्यावरच्या पेटीत टाकून आले. काय लिहिलंय ते मला माहीत नाही. शिव्या असतील तर मला कळव, मी बघते त्यांच्याकडे.

माझी मेंदी १२ तारखेला आहे.

तुझी,
महरीन


राजिवडा
२३ नोव्हेंबर

रेहान,

सलाम. गुडघे बरे आहेत. तू महरीनला विचारतोस म्हणून लिहितो.

कंदील बघितला. तार बरोबर काढलीस, दोन वेढे आणि गाठ आतून. पाणी पण चांगलं काढलंस. मला वाटलं होतं तू नुसती साबणाची चित्रं काढतोस. हे काम आहे. मी मोहल्ल्यात चार लोकांना सांगितलं.

हिशोब चुकलास. चांदाच्या तारखेत एक मिळवायचा असतो. तुला हजार वेळा सांगितलं असेल, असं मी त्या दिवशी महरीनला म्हणणार होतो. मग आठवलं, हजार वेळा नाही. दोन-तीनदा सांगितलं आणि मग सोडून दिलं.

तू आठ-नऊ वर्षांचा होतास. तुझी अम्मी नुकतीच गेली होती. मला घरात बसवत नसे. तुझ्या हिशोबाने निघालो की आपण लवकर पोचायचो. होडी चिखलात असायची. पाणी येईपर्यंत तू धक्क्यावर पाय सोडून बसायचास, शेंगदाणे खायचास आणि बडबड करायचास. शाळा, सिनेमा, काय काय. मी काही बोलायचो नाही पण ऐकायचो. दिवसभरात मला तेवढंच बरं वाटायचं. म्हणून मी तुझी चूक दुरुस्त केली नाही. ती माझ्यामुळे राहिली.

जहाजाचं झालं त्याचा राग होता. थोडा अजून आहे. समोर आलास म्हणजे जाईल.

महरीन तुझ्याशिवाय कबूल म्हणणार नाही म्हणते. ती म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. तेव्हा तू ये.

१४ तारखेला वरात भरतीला लागेल. वेळ तू काढ. एक मिळवू नको. मी शेंगदाणे घेऊन धक्क्यावर बसतो.

अब्बा